दाराची फट आणि मोहाची बाटली

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्ने, बारशी आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाच्या नाटक मंडळ्यांसाठी पोस्टरचे फोटो, एवढ्यावर दुकान चालते. या सर्व कामांत समोर माणसाचा चेहरा असतो. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर फ्लॅशचा प्रकाश पसरवणारी एकेक पांढरी छत्री, मागे निळा पडदा आणि डोक्यामागे एक लहान दिवा, ही मांडणी माझ्या हाताला इतकी बसली होती की वर्षानुवर्षे मी तीबद्दल विचारच केला नव्हता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील त्या एका सकाळी मात्र तिचा काही उपयोग झाला नाही.

जवळच्या एका गावातील महिला बचत गट मोहफुलांचा पाक बाटल्यांत भरून विकू लागला होता. लेबलावर आणि माहितीपत्रकावर छापण्यासाठी त्यांना तीन फोटो हवे होते : ताज्या फुलांसह पाकाची बाटली, सरबताचा भरलेला ग्लास आणि नुसती फुले. मोह पहाटे गळतो. उन्हे चढण्याआधी बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. मोहावर अस्वलांचाही हक्क असल्यामुळे तिघी-चौघींनी मिळूनच जायचे, अशी तिकडे रीत आहे. त्या दिवशी वेचलेली फुले ओल्या फडक्यात गुंडाळून तिघी जणी साडेसातलाच दुकानात आल्या आणि दहा मिनिटांत सगळ्या खोलीत तो गोड, जड वास भरून राहिला. मुंग्याही लगेच आल्या. पांढऱ्या कापडावरून त्यांना हुसकावण्याचे काम एकीने दिवसभर केले.

मी नेहमीप्रमाणे दोन छत्र्या लावल्या, बाटली टेबलावर ठेवली, पायथ्याशी ओंजळभर फुले मांडली आणि फोटो काढला. संगणकाच्या पडद्यावर तो पाहताच गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकू हसू लागल्या. "बाटलीत त तुमीच दिसता गा भाऊ," त्या म्हणाल्या. खरोखरच बाटलीच्या पोटावर दोन पांढऱ्या छत्र्या, त्यांच्या मधोमध तिवई आणि तिच्यामागे चौकटीचा शर्ट घातलेला मी, असे सगळे उभ्या पट्टीत चेपून उमटले होते. आत मोहाचा पाक आहे याचा पत्ता नव्हता. तो काकवीसारखा काळा दिसत होता. फुलेही सपाट, उकडलेल्या भातासारखी.

काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्केच परत फिरतो आणि उरलेला बहुतेक आरपार निघून जातो. त्यामुळे काचेवर प्रकाश टाकून काच दिसत नाही. तिच्या आजूबाजूला जे उजळ किंवा काळे असेल तेच तिच्यात दिसते. मोहाच्या फुलाचे याच्या नेमके उलट असते. ते मांसल आणि मंद पांढरट असते, त्याचा फुगीरपणा दाखवायचा तर प्रकाश त्याच्यावरच, आणि तोही एका बाजूने पडावा लागतो. एकाच चौकटीत शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंच्या मागण्या अशा परस्परविरोधी होत्या, आणि माझी छत्रीची मांडणी दोघींपैकी एकीलाही मानवणारी नव्हती.

पहिली चूक मी फ्लॅश मागे सरकवून केली. दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो हे पाठ असल्यामुळे बाटलीवरची चमकही तेवढीच मंदावेल, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात फुले काळवंडली आणि चमक तेवढीच झगझगीत राहिली, फक्त तिचा आकार लहान झाला. आरशात दिसणारा दिवा लांब नेल्याने लहान होतो, फिका होत नाही. दिवा बाजूला नेऊन प्रतिबिंब चुकवावे म्हटले, तर तेही सपाट काचेपुरतेच जमते. सपाट काचेत आपाती कोन आणि परावर्तित कोन सारखे, म्हणून दिवा कॅमेऱ्याला कुठून दिसेल आणि कुठून दिसणार नाही हे आधी सांगता येते. गोल बाटलीत मात्र जवळजवळ सगळी खोलीच एकवटते आणि दिव्याला लपायला जागा उरत नाही. लग्नात चष्म्यावरची चमक घालवण्यासाठी घेतलेला पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिल्टर होता, तोही लावून पाहिला. काचेवरची चमक त्याने सर्वांत जास्त कापली जाते ती पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ५६ अंशांच्या कोनावर, आणि गोल बाटलीवर हा कोन जागोजागी बदलतो. एका ठिकाणची चमक गेली, शेजारची राहिली, आणि फिल्टरने प्रकाश खाल्ला तो वेगळाच.

मग मी फुले बाजूला काढून आधी ग्लासचा फोटो उरकायचे ठरवले. मागे पांढरे धोतर ताणून त्याच्या पलीकडून एक फ्लॅश मारला आणि समोरचे सर्व दिवे बंद केले. धोतराचा उजळलेला भाग मात्र चौकटीत मावेल एवढाच ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळा चार्ट पेपर लावला, कारण काचेच्या कडा त्या काळ्याला वाकवून आपल्यात ओढून घेतात आणि ग्लासभोवती पेन्सिलीने काढावी तशी गडद रेघ उमटते. सरबत मागच्या प्रकाशाने मधासारखे उजळले. ग्लासवर थंडपणाचे थेंब हवे होते. खरे थेंब मार्चच्या उकाड्यात पाच मिनिटेही टिकत नाहीत, म्हणून मेडिकलमधून आणलेले ग्लिसरीन निम्म्या पाण्यात मिसळून शेजारच्या सलूनमधील फवाऱ्याने मारले. फुलांवरही मारा, असा आग्रह झाला, तो मी मानला नाही. ग्लासवरचे खोटे थेंब मला चालतात. सकाळी वेचलेल्या फुलावरचे खोटे दव चालत नाही. यामागे काही तर्क असेल असा माझा दावा नाही.

ग्लासचा फोटो झाला तरी बाटली आणि फुले शिल्लक होतीच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट फुले विरघळून जात होती, म्हणून मी मांडणी उलटी केली. मागे काळा पडदा आणि त्याच्या दोन्ही कडांच्या मागून बाटलीच्या दिशेने एकेक दिवा. आता बाटलीच्या कडा चांदीच्या तारेसारख्या उजळल्या, पण पाक पुन्हा काळाच. यावर जुना इलाज म्हणजे बाटलीमागे तिच्याच आकाराचा उजळ कागद लपवणे. मिठाईच्या खोक्यातील सोनेरी पुठ्ठा मी बाटलीपेक्षा किंचित अरुंद कापला आणि हातभर मागे उभा केला; बाटलीत त्याची एक बारीक सोनेरी काडी तेवढी दिसली, दोन्ही बाजूंना काळे. पाकाने भरलेली गोल बाटली म्हणजे जाड भिंग, आणि त्या भिंगापासून लांब असलेली वस्तू आत उलटी आणि आक्रसलेली दिसते. पुठ्ठा सरकवत सरकवत बाटलीला जवळजवळ चिकटवला तेव्हा ती काडी रुंदावत गेली आणि पाक कडेपासून कडेपर्यंत तांबूस सोनेरी पेटला. काकूंच्या तोंडून "आता हाये मोहाचा रंग" असे निघाले, तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

तोवर फुलांचे हाल झाले होते. फ्लॅशमधील मॉडेलिंग लॅम्प हॅलोजनचा होता, तो जागा शोधण्यासाठी सतत चालू राहिला आणि त्याच्या धगीने दोन ओंजळी फुले सुकून तांबूस पडली. बोटांनी दाबली गेलेली फुले तर आधीच डागाळली होती. तिसरी आणि शेवटची ओंजळ ओल्या फडक्यात होती. एका मुलीने वाटेत तोडलेली पळसाची डहाळी रंगासाठी म्हणून पुढे केली, तीही मी लावून पाहिली. पण पळसाचा शेंदरी रंग कॅमेऱ्यात लाल वाहिनी, म्हणजे फोटोतील लाल रंगाची नोंद, पार भरून टाकतो. एकूण प्रकाश बरोबर दिसत असूनही पाकळ्यांवरचा मखमली पोत नाहीसा होतो आणि लाल रंगाचा आलेख वेगळा पाहून प्रकाश कमी केल्याशिवाय तो परत येत नाही. प्रकाश कमी केला की मोह मळकट. पळस बाजूला ठेवला.

साडेदहाच्या सुमारास लाईन गेली. दुकानात इन्व्हर्टर आहे, पण तो संगणक आणि प्रिंटरपुरता. स्टुडिओ फ्लॅश त्यावर चालत नाहीत. भ्रमणध्वनीच्या टॉर्चने थोडा प्रयत्न केला, तर बाटलीवर सुईच्या टोकासारखे टोचणारे ठिपके उठले, कारण दिवा जितका लहान तितके त्याचे प्रतिबिंब टोकदार. फुले फार तर तासभर टिकली असती.

मागच्या खोलीला दोन पल्ल्यांचे जुने लाकडी दार आहे. ते उत्तरेकडे, आमच्याकडे ज्याला सांदवाडी म्हणतात त्या परसात उघडते, त्यामुळे मार्च महिन्यात त्यातून थेट ऊन येत नाही. मी दोन्ही पल्ले लोटून मध्ये वीतभर फट ठेवली आणि लग्नाच्या अल्बमच्या पानांमध्ये घालायचा बटर पेपर त्या फटीवर वरपासून खालपर्यंत चिकटवला. मोठ्या शहरातील स्टुडिओत बाटल्यांसाठी जो उंच, अरुंद सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर चढवायची पांढऱ्या कापडाची पेटी, विकत घेतात, त्याचे काम ही फट करत होती, आणि त्याहून उंच होती. बाटली दारापासून दोन हातांवर, फटीच्या किंचित पुढे ठेवली. तिच्या डाव्या खांद्यापासून तळापर्यंत एकच लांब, मऊ, कडेला विरत जाणारी पांढरी रेघ उतरली. प्रतिबिंब टाळण्यासाठी सकाळपासून चाललेली माझी धडपड त्या रेघेने निकालात काढली. गोल काचेत प्रतिबिंब येणारच असेल, तर ते बाटलीचा आकार सांगणारे असावे एवढेच आपल्या हाती असते. तोच प्रकाश आडवा येऊन फुलांवर पडत होता, त्यामुळे प्रत्येक फुलाची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत आणि मधला फुगीर भाग हाताने चाचपता येईल असा दिसू लागला. सोनेरी पुठ्ठा मी थोडा दाराकडे वळवला, म्हणजे तोही याच प्रकाशावर उजळला. उजव्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करून सावल्या हलक्या केल्या आणि त्याच्या व बाटलीच्या मध्ये काळ्या चार्ट पेपरची दोन बोटे रुंद पट्टी लावली, नाहीतर बाटलीची उजवी कड थर्माकोलच्या पांढऱ्यात हरवत होती.

कॅमेऱ्यामागे मी काळी शाल पांघरून बसलो. कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ १००, लेन्सचे छिद्र एफ ११ आणि शटर दोन सेकंद. इतका वेळ शटर उघडे असताना काहीही हलून चालत नाही. पंखा बंद असल्यामुळे ती अडचण नव्हती, पण वाऱ्याने दाराचे पल्ले हलत होते आणि बाटलीवरची रेघ त्यांच्याबरोबर जाड-बारीक होत होती. शेवटी काकूंनी एका हाताने एक पल्ला धरला, दुसरा पायाने रेटला आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. जवळपास चाळीस फोटो काढले. त्यांपैकी सहा कामाचे निघाले. नुसत्या फुलांचा फोटो लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे जवळून फोटो घेण्यासाठीची पोकळ नळी, लावून त्याच जागी घेतला, फक्त सोनेरी पुठ्ठा काढून एक फूल मागून उजळेल असे ठेवले. अकरा वाजून वीस मिनिटांनी लाईन आली तेव्हा फुलांच्या देठाकडची बाजू तपकिरी होऊ लागली होती.

लेबलासाठी निवडलेल्या फोटोत बाटलीच्या गळ्याजवळ एक केसाएवढी हिरवी रेघ आहे. ती काकूंच्या पातळाची काठ आहे. दुरुस्त करताना माझ्या लक्षात आली होती आणि दोन मिनिटांत पुसताही आली असती. मी काकूंना दाखवली, तर त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ती पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हे पाय, मी बी हावो यात." रेघ तशीच छापायला गेली.