गनमेटलची चोरी आणि कलम 6

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून दोन कामगार पोरांनी गनमेटलचे (तांब्याचा मिश्रधातू) रायझर, म्हणजे ओतकामात वर उरणारा जादा धातू, आणि कापलेले तुकडे डब्याच्या पिशवीतून थोडे थोडे बाहेर काढले, भंगारात विकले. मिळून वीसेक किलो. नोकरानं मालकाचा माल चोरला की भारतीय न्याय संहितेचं कलम 306 लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. दोघांनीही गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरवण्याआधी कोर्टानं प्रोबेशनचा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडता येईल का याचा, रिपोर्ट मागवला आणि ते काम माझ्याकडे आलं. (असा रिपोर्ट प्रोबेशन कायद्याच्या कलम 7 प्रमाणे गोपनीय असतो, म्हणून ओळख पटेल असे तपशील इथं बदललेत.)

मालक म्हणाले, "साहेब, पहिला आमच्या पावण्यातला. संगतीनं बिघडलाय, एकदा सोडा की. दुसऱ्याचं तसं न्हाई. त्याच्या रक्तातच हाय ते."

दुसऱ्याचा आजा हुबळीच्या सेटलमेंटमधला, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीतला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, हजेरी आणि पासाशिवाय माणसाला हलता येईना. तो कायदा 1952 ला रद्द झाला. हा पोरगा जन्मला त्यानंतर पन्नासेक वर्षांनी.

मालकांच्या बोलण्यात एक गोम आहे. खरंच रक्तात असेल तर दोष कमी धरायला हवा, कारण रक्त कुणी निवडून घेत नाही. पण होतं उलटंच. 'बिघडला' म्हटलं की सुधारेल हे धरूनच चालतात, म्हणून दया येते. 'मुळातच तसला' म्हटलं की शिक्षा किती, हे गुन्ह्याकडे बघून ठरत नाही. त्याला किती दिवस लांब ठेवता येईल, एवढंच बघितलं जातं. माल तर दोघांनी सारखाच नेला होता.

रिपोर्टही इथंच फसतो. शेजाऱ्याला "पोरगा कसा आहे?" विचारलं की विशेषण मिळतं, आणि विशेषण जातीवरून येतं. त्यापेक्षा पगार कुणाच्या हातात देतो, उधारी कुणाची आहे, ती कधी थकली, हे विचारावं. वडगावातल्या किराणावाल्यानं वही दाखवली. दुसऱ्याच्या खात्यावर दर पगाराला काही ना काही जमा होतं, मेपासून मात्र कोरं. मेमध्ये आईचं ऑपरेशन झालेलं, आणि भंगाराची पहिली विक्री जूनची. पहिल्याचे पैसे मोबाइलच्या हप्त्यात गेले होते. दोन्ही गोष्टी तारखांसकट लिहिल्या. पोलिस ठाण्याच्या कागदावर 'पार्श्वभूमी संशयास्पद' असं वाक्य होतं. ते न उतरवता 'पूर्वीचा गुन्हा नाही' एवढंच लिहिलं. नोंदीत तेवढंच होतं.

आता वय. प्रोबेशन कायद्याचं (1958) कलम 6 एकवीस वर्षांखालच्यांसाठी. जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यात अशाला तुरुंगात धाडायचं तर कोर्टाला कारणं नोंदवावी लागतात. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत, कोर्ट शिक्षेचा निर्णय करतं त्या दिवशीचं धरतात. रामजी मिस्सर खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलंय. दुसऱ्याच्या आधारवर 1 जानेवारी ही अंदाजानं टाकलेली तारीख होती, तिच्या हिशेबानं तो एकवीस ओलांडलेला. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दाखला काढला तर एकवीसला अजून तीन महिने बाकी. पहिला खरोखरच एकवीसच्या वर होता, त्याला कलम 4, म्हणजे सगळं कोर्टाच्या मर्जीवर. ज्याला आत टाका म्हणत होते, कायद्याचा आडोसा त्यालाच जास्त.

कोर्टानं दोघांनाही दोन वर्षांच्या बंधपत्रावर, देखरेखीखाली सोडलं. कलम 5 प्रमाणे मालकाला भरपाई, निम्मी निम्मी.

पहिल्याला मालकांनी परत कामावर घेतलं. दुसरा एका फॅब्रिकेशन शेडमध्ये ग्राइंडिंगला लागला. असं सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही, असं कलम 12 सांगतं. त्याची झेरॉक्स शेडवाल्याला दिली. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "भरपाईचा हप्ता पगारातनं कापू, का त्योच भरतोय?"