घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना गाठतात हे लोक

आज दुपारभर शेजारच्या काकूंकडे होते. काकांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं सगळं काकूच बघतात, एकट्या. सकाळी काकांची कूस बदलत असतानाच फोन आला. "पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, हयातीचा दाखला जमा नाही, पेन्शन थांबेल, ओटीपी सांगा." काकूंनी सांगितला. खात्यातून पैसे गेले.

"माझंच चुकलं गं" हे त्यांचं चालूच होतं. अजिबात नाही! रात्र रात्र जागणाऱ्या बाईला घाईत गाठायचं, हाच या चोरांचा धंदा. फार संताप आला.

आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर लावला. बँकेचा मेसेज समोर ठेवला, कारण रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक विचारतात. लगेच कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणून "संध्याकाळी मुलाला विचारते" असं करत बसू नका. मग बँकेत कळवून व्यवहार बंद करवले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली.

आणि हे घरोघरी सांगा: हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शन कार्यालय फोन करून ओटीपी मागत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन थोडं शुल्क घेऊन घरी येऊन दाखला करून देतो. सरकारच्या 'जीवन प्रमाण' या हयातीच्या दाखल्याच्या ॲपवर चेहरा दाखवूनही होतो.

आमच्या सोसायटीत कुणी असं एकट्याने घरचं माणूस सांभाळत असेल, तर पैशांचा कुठलाही फोन आला की आधी कट करा आणि मला हाक मारा. वेळ बघू नका.