बराफू ते म्वेका : किलिमांजारोच्या उताराविषयी

सोलापूरहून निघताना मला आणि माझ्या शाळेपासूनच्या मित्राला जो तो टांझानियातल्या किलिमांजारोच्या चढाची भीती घालत होता. उताराविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. ज्या कंपनीकडून आम्ही ही मोहीम ठरवली तिच्या वेळापत्रकातही सहाव्या दिवसासमोर ‘शिखर आणि म्वेका तळावर आगमन’ एवढेच लिहिलेले होते. ५,८९५ मीटरवरून सुमारे ३,१०० मीटरपर्यंत एकाच दिवसात उतरायचे, आणि तेही मध्यरात्रीपासून बाराशे मीटर चढून झाल्यावर, हे त्या एका ओळीत दडलेले होते. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची १,६४६ मीटर भरते, यावरून काय ते समजावे. हा वृत्तांत मुख्यतः त्या एका दिवसाचा आहे.

ज्यांना सह्याद्रीत सलग सात-आठ तास चालण्याची सवय नाही, त्यांनी आधी ती करावी आणि मग पुढचे वाचावे. आम्हाला सवय होती, पण सराव चुकीचा झाला. सोलापूर पडले सपाट, म्हणून मित्र होटगी रस्त्यावरच्या त्याच्या सात मजली इमारतीत पाठीवर दहा किलो वजन घेऊन रोज जिना चढत असे आणि गुडघे जपायचे म्हणून लिफ्टने खाली येत असे. याच्या नेमके उलट करायला हवे होते.

गड्ड्याची यात्रा उरकून आम्ही निघालो. रात्रीच्या गाडीने मुंबई, तेथून विमानाने अदिस अबाबा, मग किलिमांजारो विमानतळ आणि शेवटी मोटारीने डोंगराच्या पायथ्याचे मोशी, असा जवळजवळ दीड दिवसाचा प्रवास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही माचामे वाटेच्या प्रवेशद्वारावर उभे होतो, हा शुद्ध मूर्खपणा होता. मोशीत एक दिवस मोकळा ठेवावाच. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते, त्यामुळे ते काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. टांझानियात जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून शेंगाचटणी स्टीलच्या डब्यात आणि कडक भाकरी कापडात बांधून न्यावी. उंचीवर भूक मरते आणि तळावरचा गोडसर लापशीसारखा पदार्थ घशाखाली उतरत नाही, तेव्हा हीच शिदोरी कामी येते.

पहिले पाच दिवस सुखाचे गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर या सुळक्यापर्यंत, म्हणजे साधारण ४,६०० मीटरपर्यंत चढून पुन्हा खाली बारांको तळावर मुक्काम करतात, तो विरळ हवा अंगवळणी पडावी म्हणून. त्या दिवशी डोके दुखले तर घाबरू नये, पण वाटाड्यापासून लपवूही नये.

बराफू म्हणजे आपला बर्फच. स्वाहिलीत हा शब्द तसाच रुजला आहे. शिखराआधीच्या या शेवटच्या तळावरून मध्यरात्री निघालो. तासाभरात पाण्याच्या पिशवीची नळी गोठली आणि पुढचे पाच तास पाठीवर दोन लिटर पाणी असून आम्ही तहानलेले राहिलो. नळीच्या भरवशावर अजिबात राहू नये. जाड बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. शेवटच्या दोन तासांत मित्र दर वीस पावलांनी ‘बस की बे जरा’ म्हणत होता आणि वाटाड्या आम्हाला दोन मिनिटांच्या वर बसू देत नव्हता. त्याचेच बरोबर होते. उजाडता उजाडता विवराच्या काठावर स्टेला पॉइंटला पोहोचलो आणि आणखी तासाभराने उहुरू या शिखरावर. तेथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. आम्ही दहा मिनिटे थांबलो, छायाचित्र काढले, आणि मला रडू आले, हे मान्य करतो.

मग उतार सुरू झाला. बराफूपर्यंतची वाट सुट्या मुरमाची आहे; टाच रोवून घसरत यावे लागते आणि पुढच्याने उडवलेली धूळ मागच्याच्या नाकातोंडात जाते. तळावर गरम सूप आणि तासभर झोप मिळाली. आता संपले, असे आम्ही समजत होतो, तोच उठून बूट चढवायला सांगितले. त्यानंतरच्या ओबडधोबड दगडी पायऱ्या खालच्या झुडपांच्या पट्ट्यापर्यंत संपत नाहीत. चार तास सांगितलेल्या वाटेला आम्हाला सहा लागले. वाटेत कोणाला तरी एका चाकाच्या स्ट्रेचरवर बांधून खडखडत खाली नेत होते, आणि मित्राने त्या स्ट्रेचरकडे ज्या आशेने पाहिले ते मी विसरणार नाही. म्वेकाला पोहोचलो तेव्हा डोक्यावरचे दिवे पुन्हा लागले होते.

यावर उपाय आहे, तो आम्हाला उशिरा कळला. बराफू आणि म्वेका यांच्यामध्ये साधारण ३,८०० मीटरवर मिलेनियम तळ आहे. शिखराच्या दिवशीचा मुक्काम तेथे हवा, असे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. दुसरा दिवस लांबतो, पण झोप घेतलेल्या गुडघ्यांना तो झेपतो. काठ्या दोन घ्याव्यात, एक नव्हे. बूट अर्धा नंबर मोठे असावेत आणि उतरण्याआधी नाड्या घोट्याशी घट्ट आवळाव्यात. मी ते केले नाही, म्हणून दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडून गेली.

राहिला बक्षिसीचा प्रश्न. पत्रकात ती ‘ऐच्छिक’ होती, प्रत्यक्षात शेवटच्या सकाळी डोईजड आकडा आमच्यासमोर ठेवण्यात आला. हमालांवर माझा राग नाही. आमचे ओझे त्यांनी वाहिले. राग आहे तो स्वस्त दर दाखवून त्यांची मजुरी आमच्या खिशावर ढकलणाऱ्या कंपनीवर. आकडा आधीच ठरवून घ्यावा, नव्या कोऱ्या लहान नोटा न्याव्यात आणि प्रत्येकाचा वाटा सर्वांसमोर मोठ्याने सांगून द्यावा.

परतीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये मित्राचा वरचा बर्थ होता. वर तो कसाबसा चढला. सोलापूर आल्यावर खाली उतरवायला त्याला दोन सहप्रवाशांनी धरले. तिकीट काढताना खालचा बर्थ मागावा.