वाल, पण बिरड्याचा नव्हे

नॉर्वेजियन भाषेत देवमाशाला 'वाल' म्हणतात. लिहिताना आधी एक मुका 'ह' असतो, पण तोंडातून बाहेर पडतो तो वालच. मला बर्गनला येऊन चारच महिने झाले होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आईने जेवायला बोलावलं आणि तव्याकडे बोट करून कौतुकाने म्हणाली, "वाल!" क्षणभर माझ्या नाकात आईच्या डाळिंब्यांचा वास आला. मोड आणून, एकेक सोलून, वर ओलं खोबरं. ताटात आला तो जवळजवळ काळा दिसणारा मांसाचा जाड तुकडा. मग मोबाइलवर चित्र दाखवून माझा गैरसमज दूर करण्यात आला.

खाल्ला का? खाल्ला. पाहुणी होते, बाहेर बर्फ होता आणि त्या बाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मटणाच्या कलेजीसारखं लागतं, फक्त गिळल्यावर मागून समुद्र येतो.

ही गोष्ट मी सहा वर्षं पुण्यात कुणाला सांगितली नव्हती. गेल्या दिवाळीत कोथरूडला मामाकडे फराळाला गेले आणि ती माझ्याच तोंडून सांडली. निमित्त पेपरचं. पुण्यात गेली काही वर्षं व्हेलची उलटी, म्हणजे अत्तरात घालतात ते अंबरग्रीस, पकडली जाते, तुम्हाला ठाऊकच आहे. एवढे किलो, तेवढे कोटी, इतके अटकेत. मामाने तसली बातमी मोठ्याने वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "निदान आपल्याकडे उलटीवर भागतं. तुमच्या त्या नॉर्वेत अख्खा देवमासा मारतात म्हणे अजून."

'तुमच्या.' हा शब्द बर्गनच्या कँटीनमध्ये मी रोज ऐकते: तुमच्या भारतात, तुमच्या नद्या, तुमचं प्लास्टिक. तिथे मी मुळा-मुठेच्या वतीने असं भांडते, जणू मी रोज संगमावर अंघोळीला जाते. आणि कोथरूडात, चकली हातात धरून, मी नॉर्वेच्या वतीने भांडायला उठले. "मामा, मिंकी मारतात, निळा देवमासा नाही. मिनीबसएवढा असतो. आणि दीड लाख आहेत ते."

"मोजले कुणी?"

"त्यांच्याच समुद्रसंशोधन संस्थेने."

"म्हणजे लेखकानेच स्वतःचं प्रूफ तपासलं."

मामा चाळीस वर्षं मुद्रितशोधक होता. सदाशिव पेठेतल्या छापखान्यातून घरी आलेली गॅली प्रुफं मी लहानपणी पाहिली आहेत. दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकली तरी हा माणूस आत जाऊन सांगतो. त्याला उत्तर द्यायचं तर नीटच द्यायला हवं होतं, आणि नीट उत्तर मला माहीत होतं, कारण बर्गनला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे आजोबा या मोजणीच्या बोटीवर कित्येक उन्हाळे निरीक्षक म्हणून गेले आहेत. (माझी नॉर्वेजियन सुधारली ती कोर्समुळे कमी आणि त्यांच्या कॉफीमुळे जास्त.)

ते काम असं चालतं. समुद्राचे भाग पाडलेले असतात, दर उन्हाळ्यात एक भाग, असं सहा वर्षांत सगळं पाणी पालथं घालतात. नकाशावर आधीच आखलेल्या रेषेवरून बोट जाते. जिथे देवमासे दिसतील तिकडे वळायचं नाही, रेष सोडायची नाही. वारा चढला, लाटांना पांढरे फेस आले, की मोजणी बंद. दुर्बीण नाही, नुसते डोळे. मासा पाठ दाखवतो दोन-तीन सेकंद, तेवढ्यात किती अंशांवर आणि किती मीटरवर ते माइकमध्ये सांगायचं. मोकळ्या समुद्रात तीनशे मीटर की पाचशे, हे नजरेने सांगणं म्हणजे काय ते आजोबांनी मला खिडकीतून समोरच्या बोयेवर करायला लावलं. मी दुपटीने चुकले. निरीक्षकांची असली परीक्षा तरंगते बोये ठेवून घेतात, आणि कोण किती चुकतो तेही हिशेबात धरतात.

पण मला खरं मोहात पाडलं ते पुढच्या भागाने. बोटीवर निरीक्षकांच्या दोन जागा असतात. एक वर डोलकाठीवरच्या पिंपात, दुसरी खाली सुकाणूच्या खोलीच्या छपरावर. दोन्हीकडचे लोक त्याच पाण्याकडे बघत असतात, पण एकमेकांना काय दिसलं ते त्यांना कळू द्यायचं नाही. आवाजही नाही. संध्याकाळी दोन्ही याद्या शेजारी ठेवतात. वरच्यांनी पाहिलेल्या दहांपैकी खालच्यांना सहाच दिसले असतील, तर खालचे दहात चार हुकवतात. उलट बाजूने वरच्यांची हुकण्याची रीत कळते. आणि त्यावरून, कुणालाच न दिसलेले किती, याचा अंदाज.

हे सांगताना मला वाटलं मामा कंटाळेल. तो चकली खाली ठेवून म्हणाला, "अगं, म्हणजे एकाच प्रुफावर दोन मुद्रितशोधक, वेगवेगळे बसवलेले. मला वीस चुका सापडल्या, त्याला पंधरा, दोघांत सामायिक बारा. मग उरलेल्या किती ते निघतं."

"अगदी तेच."

"पण निघत नाही ना!" त्याचे डोळे चमकले. "काही चुका दोघांनाही दिसतच नाहीत. मोठ्या टायपातल्या मथळ्यात चूक असली की अख्खा छापखाना तिच्यावरून जातो."

मी गप्प. कारण ही शंका बरोबर आहे आणि त्या शास्त्रज्ञांचीही तीच आहे. बोट जाईपर्यंत मासा पाण्याखालीच असला तर पिंपातला काय आणि छपरावरचा काय, दोघेही आंधळेच. म्हणून काही मिंकींना रेडिओचे टॅग लावून ते किती वेळाने वर येतात ते मोजलं, आणि तो वेळही गणितात घातला. इतकं करून २००८ ते २०१३ च्या फेरीत आकडा आला सुमारे एक लाख, आणि २०१४ ते २०१९ च्या फेरीत सुमारे दीड लाख. यातले वाढले किती आणि दुसऱ्या पाण्यातून इकडे सरकले किती, हे विचारू नका, मामाने विचारलं.

मग विषय रशियावर गेला. तो मीच काढला, आणि माझ्याच बाजूवर उलटला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत जहाजांनी दक्षिण समुद्रात मारलेल्या हंपबॅक देवमाशांचा कागदोपत्री आकडा होता २,७१०. खरे मारलेले ४८ हजारांहून जास्त. हे जगाला १९९३ मध्ये कळलं, अलेक्सी याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञामुळे. तोवर देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे लोक त्या खोट्या नोंदींवरून गणितं मांडत होते आणि हंपबॅक इतके कमी कसे झाले म्हणून डोकं खाजवत होते. मामा इतका खूश झाला की मामीला स्वयंपाकघरातून बोलावून त्याने दोन्ही आकडे पुन्हा म्हणून दाखवले. मी म्हटलं, त्याचसाठी नॉर्वे १९९७ पासून मारलेल्या प्रत्येक मिंकीच्या डीएनएची नोंद ठेवतो, बाजारातला तुकडा कुठल्या माशाचा ते शोधता येतं. "ठेवतो" म्हणताना माझा आवाज असा चढला जणू ती वही माझ्याकडेच असते.

मग आपलं उकरून काढलं. हे मी बर्गनमध्ये कधीच काढत नाही. वाघ. २००१-०२ ला पावलांच्या ठशांवरून मोजले तेव्हा ३,६४२ होते. मग कळलं की राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही उरलेला नाही. कॅमेरे लावून, अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून २००६ ला पुन्हा मोजले, तर १,४११. आणि बुद्ध पौर्णिमेच्या रात्रीची आपली पाणवठ्यावरची गणना! एकोणीस वर्षांची असताना मी भीमाशंकरला मचाणावर बसले होते. पहाटे तीनला माझा डोळा लागला. जागी झाले तर शेजारच्या मुलाने तक्त्यात 'भेकर १' लिहिलं होतं. मी खाली सही केली. पिंपात असते तर काहीच दिसलं नाही असं बोलावं लागलं असतं, आणि ते 'नाही'सुद्धा मोजलं गेलं असतं. या एका गोष्टीसाठी मी नॉर्वेला बरंच माफ करते.

बरंच, सगळं नाही. मोजणाऱ्यांनाही खाली बघायला लावणारी एक गोष्ट आहे. अलास्काच्या उत्तर टोकाला इनुपियात लोक बोहेड देवमाशाची शिकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बर्फाच्या कडेवर बसून मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी फारच थोडे उरलेत असं सांगितलं, आणि १९७७ मध्ये आयोगाने त्या शिकारीवर बंदी ठरवली. शिकारी म्हणाले, तुम्ही फक्त मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यात बघताय, मासे बर्फाखालूनही जातात. तेव्हा कुणाला ते पटेना. पुढे पाण्यात मायक्रोफोन सोडले, तर नजरेआड जाणाऱ्या माशांचे आवाजच आवाज. २०११ च्या मोजणीत तिथले बोहेड सोळा हजारांच्या वर निघाले. भीमाशंकरचे आमचे वाटाडे महादेव कोळी काका असंच सांगायचे, शेकरूची घरटी मोजून शेकरू कळत नाही, एकेकाची किती असतात ते बघा. आम्ही "हो का" म्हणून वहीत घरटीच लिहायचो.

मामी इतका वेळ पुऱ्या तळत होती. झारा घेऊनच बाहेर आली. "ते सगळं असू दे. खातं कोण एवढं?"

तिथे माझं घोडं अडलं. २०२३ ला नॉर्वेने १,००० मिंकींची परवानगी दिली होती, मारले गेले जेमतेम निम्मे. मारायला आता बोटीही मोजक्याच जातात. माझ्या ऑफिसातली पोरं वाल खात नाहीत, बर्गनच्या मासळीबाजारात तो जास्त करून पर्यटकांना विकला जातो. मग एवढी मोजणी, एवढा हट्ट कशासाठी? विचारलं की माझे सहकारी म्हणतात, आम्ही काय खावं ते दुसऱ्यांनी का सांगायचं? हे वाक्य मला फार ओळखीचं वाटतं. मी ते पुण्यात वेगवेगळ्या पक्षांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

आयोगाचंही तेच झालं आहे. १९८२ मध्ये २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकारबंदी ठरली, १९८६ च्या सुमारास लागू झाली. नॉर्वेने तेव्हाच हरकत नोंदवली होती, तिच्या जोरावर १९९३ पासून पुन्हा शिकार सुरू केली. बंदीच्या काळात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं घासून एक पद्धत बसवली: मोजणीत शंका जितकी मोठी, परवानगी तितकी लहान. आयोगाने ती वापरायला टाळाटाळ केली, म्हणून शास्त्रीय समितीचे अध्यक्ष फिलिप हॅमंड यांनी १९९३ मध्ये राजीनामा दिला. पद्धत पुढच्या वर्षी मान्य झाली आणि कपाटात राहिली. किती मारता येतील याचं उत्तर आलं होतं. मारावेत का, हा प्रश्न होता. मला तेव्हाच्या दोन्ही बाजूंचा राग येतो, पण जास्त कुणाचा हे मला सहा वर्षांत ठरवता आलेलं नाही. ग्रेनेडचा भाला लागला की ८२ टक्के मिंकी जागीच मरतात, हा नॉर्वेचा आकडा मी कोथरूडात सांगितला. उरलेल्यांना साधारण सहा मिनिटं लागतात, हे त्याच अहवालातलं मी सांगितलं नाही. मामीच्या हातात झारा होता.

या जूनमध्ये मामा-मामी आमच्याकडे आले. उत्तर नॉर्वेत बोडोहून मोस्केनेसला जाणाऱ्या फेरीवर, साडेतीन तासांच्या प्रवासात, मामी आत बाकावर डोळे मिटून पडली होती. मी, मामा आणि माझी आठ वर्षांची लेक वरच्या डेकवर. रात्रीचे दहा, ऊन लख्ख. पाणी तेलासारखं सपाट. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या भाषेत, मोजणीला उत्तम दिवस.

"मासा!" लेक ओरडली. "दोन!"

"एकच होता," मामा म्हणाला. "पाठ दिसली, वर बारीक वाकडं पर. मिंकीच."

"आजोबा, मागे अजून एक होता."

"ती त्याचीच शेपटी असेल."

"मिंकी शेपटी वर काढत नाही," मी म्हटलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तुला किती दिसले?

मी त्याच बाजूला बघत होते. हातात मोबाइलही नव्हता. आम्ही पुढची वीस मिनिटं कठड्याला टेकून उभे राहिलो. मामाने खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागे तीन रकाने आखले, पहिल्यात २ लिहिलं, दुसऱ्यात १, आणि तिसऱ्यात शून्य लिहून माझ्यापुढे सहीसाठी धरलं.