कोऱ्या पानांवरचे सळ

किर्दीतली, म्हणजे दुकानाच्या रोजच्या हिशेबाच्या वहीतली, शेवटची नोंद ११ जुलै १९६१ ची आहे. ‘शिंपल्याची बटणे, ३ डझन’, पुढे एका शिंप्याचं नाव आणि रक्कम, रुपये व नये पैशांत. खाली रेघ ओढून अण्णांनी दिवसाची बाकी काढली आहे. दुसऱ्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं. पुढची सगळी पानं कोरी.

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. पुण्याच्या नारायण पेठेत त्यांचं दोरे-बटणांचं दुकान होतं. रात्री पोटमाळ्यावर बसून हिशेब लिहायची सवय, म्हणून किर्द तिथेच असायची आणि जास्तीच्या मालाचे दोन पत्र्याचे डबेही. खाली होतं ते सगळं चिखलात गेलं. पोटमाळ्यावर पाणी चारच बोटं चढलं. दुकान पुन्हा उघडलं नाही. पुढे अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेढीवर हिशेब लिहिले.

गेल्या वर्षी मामाचा वाडा पाडायला निघाला, तेव्हा माळ्यावरून किर्दीचं आणि डब्यांचं बोचकं खाली आलं. मामी म्हणाली, “रद्दीवाला संध्याकाळी येतोय, तुला काय हवं ते आत्ताच बघून घे.” मी बघत बसले नाही. अख्खं बोचकं रिक्षात घातलं आणि घरी आले.

मी नऊ वर्षं हाताने पुस्तकं बांधते आहे. त्यातली काही नुसती वापरायच्या वह्या असतात, काही आर्टिस्ट्स बुक. म्हणजे ज्यात कागद, घडी, शिवण हाच मजकूर असतो. पण इतकी वर्षं मी कागद विकत आणून काम केलं. घरातून आलेल्या कागदावर सुरी धरायची म्हटल्यावर दोन महिने ती वही जेवणाच्या टेबलावर तशीच पडून होती.

शेवटी एक ठरवलं: लिहिलेल्या पानाला हात लावायचा नाही. वही जुजांची, म्हणजे दुमडून एकत्र शिवलेल्या कागदांच्या जुड्यांची होती, शेवटची तीन जुजं पूर्ण कोरी होती. तेवढीच सोडवली. बाकीची वही त्याच भोकांतून पुन्हा शिवली, जुन्याच बासनात गुंडाळली आणि आईच्या कपाटात ठेवली. माझ्याकडे उरली ३६ पानं.

ही पानं कोरी म्हणायची, पण खरं तर ती कोरी नव्हती. व्यापाऱ्यांच्या जुन्या वहीला छापील रेघा नसत. पानाला उभ्या घड्या घालून सळ पाडायचे, तेच रकाने. एका बाजूला जमा, दुसरीकडे नावे. सळ दिवाळीच्या वहीपूजनाआधीच अख्ख्या वहीचे पाडून ठेवलेले असत. त्यामुळे आषाढापासून पुढच्या दिवाळीपर्यंतची पानं रकान्यांसकट तयार होती. खिडकीशी धरलं की प्रत्येक पानावर उभ्या सावल्या दिसायच्या. खालच्या बाजूला पुराची रेघ: चार बोटं उंच, तपकिरी, वरच्या कडेला गडद. भिजलेला कागद वाळताना पाणी त्यातला मळ कडेपर्यंत ओढत नेतं, म्हणून डागापेक्षा डागाची कड जास्त उठून दिसते. काही पानांवर लालसर झाक आहे. वहीवरच्या खारव्याचा, म्हणजे लाल जाड्याभरड्या कापडाचा, रंग उतरला होता. एक गोष्ट तेव्हाच डोळ्यात भरली होती. शेवटच्या पंधराएक पानांचे सळ तिरके आहेत. कागद भिजून सरकला असेल असं मी धरून चालले.

मग डबे उघडले. दोन्ही मिळून साडेतीन किलो बटणं, लाकडी रिळं, फिती, टिचबटणं, हूक. बटणं निवडायला पंधरा दिवस गेले, कारण पुस्तकात काहीही शिवून चालत नाही. टिचबटणं गंजतात, ती बाद. सेल्युलॉइडची बटणं दिसायला फार देखणी, पण जुनी झाली की त्यांतून आम्ल सुटतं आणि शेजारचा कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो. ओळखायची खूण सोपी आहे. बटण अंगठ्याने जोरात चोळायचं आणि हुंगायचं. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, त्याचा वास येतो. ती सगळी काचेच्या बरणीत घालून बाल्कनीत ठेवली. उरली शिंपल्याची. मागच्या बाजूला शिंपल्याची खरबरीत साल अजून शिल्लक असलेली, हाताला गार लागणारी. त्यातली ३६ घेतली, पानाला एक.

दोऱ्याने मात्र निराशा केली. रिळावरचा वरचा दोरा नुसत्या बोटाने तुटत होता. आतले थर बरे निघाले, पण बांधणीचा ताण सोसण्याइतके नाहीत. म्हणून बटणं शिवायला अण्णांचा दोरा आणि जुजं शिवायला नवा, मेण लावलेला लिननचा. बटण सळावर शिवलं तर कागद तिथेच फाटतो, म्हणून सळाच्या जरा अलीकडे, जमेच्या बाजूला शिवलं. मागून पातळ टिश्यू कागदाची टिकली लावली. बटणांनी पुस्तक पुढून फुगतं आणि कणा तेवढाच राहतो, मग ते तोंड उघडं टाकून बसतं. त्यासाठी पानांच्या मध्ये बोटभर रुंद दुमडलेल्या पट्ट्या शिवणीत घातल्या. अस्तराचा कागद आणि ह्या पट्ट्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणल्या. संस्था १९४० सालची आहे. तिथला कागद सुती चिंध्यांपासून, शिलाईतल्या कातरणांपासून होतो. शिंप्यांना बटणं विकणाऱ्या माणसाच्या पुस्तकाला मला तोच हवा होता.

माझ्या हातून एक चूक झाली, ती लिहायलाच हवी. वहीत एक उधारीची चिठ्ठी होती, करड्या पेन्सिलीने लिहिलेली. मैद्याची खळ करून (बाइंडर त्यात मोरचूद घालतात, मी घालत नाही, त्यातल्या तांब्याने कागद लवकर मरतो) मी ती चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आत चिकटवली. बघता बघता अक्षरं जांभळी झाली, फुलली आणि एकमेकांत मिसळली. ती साधी पेन्सिल नव्हती, कॉपिंग पेन्सिल होती. तिच्यात रंग असतो, ओल लागली की तो सुटतो. अण्णांची सही माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पुरातून वाचलेली चिठ्ठी माझ्या चमचाभर खळीने गेली, ह्याचं वाईट अजून वाटतं. आता कुठलाही जुना कागद हाती आला की आधी एका कोपऱ्यात ओल्या कापसाचं टोक टेकवून बघते. चिठ्ठी काढली नाही. ती जांभळा डाग होऊन आत आहे.

कडा छाटल्या नाहीत. छाटल्या असत्या तर चिखल गेला असता.

दिवाळीत पुस्तक घेऊन मामाकडे गेले. तो आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्याने बटणं बघितलीच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला आणि पानावरून बोटं फिरवत सळ चाचपत राहिला. मग एक पान अलगद उचलून त्याच घडीत दुमडलं, रिकामं लाकडी रीळ मागून घेतलं आणि घडीवरून वरून खाली एकदाच दाबून नेलं.

“हे सळ अण्णांचे नाहीत गं,” तो म्हणाला. “मी पाडलेत. दर दिवाळीला ते काम माझ्याकडे असायचं.”

मी शेवटची पानं काढून त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, हे तिरके का?

“खाली पोरं फटाके वाजवत होती,” मामा म्हणाला, “मला जायचं होतं.”