नाव बदला, चित्रं वजा करा: ड्रायव्हर तपासणी कुठवर आली

मंडळी, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तपासण्याचं काम आता पद्धत लिहून काढण्याइतपत पुढे आलंय. मला हवंय ते एवढंच: बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालू असताना कार्ड जो वेग दाखवतं, त्या वेगात चित्र पूर्ण काढलं जातंय की मधलं काही गाळलं जातंय, हे घरबसल्या तपासता आलं पाहिजे. नुसत्या एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) आकड्यातून ते कधीच कळत नाही.

सुरुवात एक्झीचं (गेम सुरू करणाऱ्या .exe फाइलचं) नाव बदलण्यापासून केली, कारण सगळ्यात जुनी आणि सोपी युक्ती तीच. २००१ साली एटीआय कंपनीचं रेडिऑन ८५०० कार्ड आलं, तेव्हा हार्डओसीपी या वेबसाइटने क्वेक ३ च्या एक्झीत जिथे जिथे 'क्वेक' होतं तिथे 'क्वॅक' केलं. रोमन लिपीत दोन्ही पाच-पाच अक्षरांचे, त्यामुळे हेक्स एडिटरने बदल केला तरी पुढचा एकही बाइट जागचा हलत नाही. गेम तोच, डेमो (रेकॉर्ड केलेला खेळ) तोच, पण फ्रेम घटले आणि टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) मात्र जास्त स्पष्ट दिसू लागली. ड्रायव्हर गेमला नावाने ओळखत होता आणि ओळख पटली की लांबच्याच नव्हे तर जवळच्या पृष्ठभागांनाही धूसर मिपमॅप (लांबून पाहण्यासाठी केलेल्या टेक्स्चरच्या लहान प्रती) लावत होता. २००९ मध्ये टेक रिपोर्ट या वेबसाइटने इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर '३डीमार्क व्हँटेज' या बेंचमार्कच्या एक्झीचं 'व्हिंटेज' केलं, तर तिथेही स्कोअर खाली आला. त्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (इन्स्टॉल करतानाच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) एक्झींची यादीच होती.

पण नाव बदलल्यावर फ्रेम पडले म्हणजे चोरी पकडली, असं मात्र अजिबात नाही. यावर मी बराच वेळ घालवला. एका नव्या सिंगल प्लेअर गेमची एक्झी दुसऱ्या नावाने चालवली, प्रेझेंटमॉन या टूलने फ्रेमटाइम (प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ) नोंदवले, तर सरासरी एफपीएस आणि एक टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) दोन्ही घसरले. चित्रं पिक्सेलगणिक ताडून पाहिली तर फरक शून्य. गेमच्या नावाने ड्रायव्हरमधलं जे प्रोफाइल (त्या गेमसाठीच्या सेटिंग्ज) लागू होतं, त्यात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करण्याची सेटिंगही असू शकते. नाव बदललं की प्रोफाइल सुटतं आणि ती सोयही जाते. मी प्रोफाइल हाताने नव्या एक्झीला जोडलं, आणि गेलेले फ्रेम परत आले. हे शुद्ध ऑप्टिमायझेशन आहे, खेळणाऱ्यालाही त्याचा तेवढाच फायदा मिळतो. म्हणून नाव बदलणं ही फक्त पहिली चाळणी. (ऑनलाइन गेमवर हा प्रयोग करू नका, अँटी-चीट अकाउंट बंद करू शकतं.)

खरं काम चित्रांच्या वजाबाकीत आहे. त्यासाठी क्वेक ३ सारखा सोयीचा गेम दुसरा नाही. cl_avidemo ही सेटिंग लावून डेमो चालवला की तो ठरावीक अंतराने प्रत्येक फ्रेमचा स्क्रीनशॉट फाइलमध्ये टाकत जातो, म्हणजे दोन वेळा चालवून तंतोतंत तोच क्षण समोरासमोर ठेवता येतो. मग इमेजमॅजिक या टूलने एकातून दुसरा वजा करायचा. जिथे काळं, तिथे सारखं. जिथे उजळ, तिथे कुणीतरी हात मारलाय.

आपली पद्धत काही पकडते की नाही, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून मुद्दाम स्वतःच खोट घातली: प्रोफाइल टूलमधून एलओडी बायस (किती जवळून धूसर मिपमॅप सुरू करायचे ते ठरवणारी सेटिंग) किंचित वाढवला आणि पुन्हा डेमो चालवला. आजच्या कार्डावर त्याने एफपीएस हलत नाही. पण वजाबाकीच्या चित्रात जमिनीच्या फरशा, लांबवर जाणाऱ्या भिंती, जाळीचे कठडे, सगळं राखाडी रेघांनी उमटून आलं. बंदूक आणि समोरचा माणूस मात्र पूर्ण काळे, कारण ते जवळ असतात. गेम खेळताना मला स्वतःला यातलं काहीही जाणवलं नव्हतं. यानंतर क्वेकमधली r_colorMipLevels ही सेटिंग चालू केली, तर प्रत्येक मिपमॅप पातळी वेगळ्या रंगात येते, आणि रंगांच्या सीमा पावलांच्या जवळ सरकलेल्या सरळ दिसल्या.

या रंगीत चाचणीवर एकटीवर भिस्त ठेवू नका. २००४ साली रेडिऑन एक्स८०० च्या वेळी हेच उघडकीला आलं होतं. ड्रायव्हर मिपमॅपच्या पातळ्या एकमेकींशी ताडून पाहायचा, त्या एकाच चित्राच्या लहान-लहान प्रती असतील तर ट्रायलिनिअर फिल्टरिंगमध्ये (मिपमॅपच्या पातळ्यांमधल्या सीमा मिसळून टाकण्यात) काटकसर करायचा. रंगीत मिपमॅप मात्र एकमेकांपासून पूर्ण वेगळे, म्हणून तिथे पूर्ण फिल्टरिंग. परिणामी परीक्षकाला सगळं छान दिसायचं. म्हणून मी रंगीत आणि साधी अशा दोन्ही चाचण्या घेतो, आणि दोघींचं म्हणणं जुळलं तरच नोंद करतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते ती. मे २००३ मध्ये ३डीमार्क०३ या बेंचमार्कमध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५९०० वर जे सापडलं, ते नुसतं टेक्स्चर धूसर करण्याच्या पुढचं होतं. बेंचमार्कचा कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरतो. वाट माहीत असल्यामुळे ड्रायव्हरमध्ये स्थिर क्लिप प्लेन बसवले होते, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणार नाही ते काढायचंच नाही. डेव्हलपर आवृत्तीत कॅमेरा वाटेवरून बाजूला नेल्यावर एक्स्ट्रीमटेक आणि बियॉन्ड३डी या वेबसाइटना तुटलेलं आकाश दिसलं, आणि बफर (चित्र तयार होतं ती मेमरी) न पुसल्यामुळे मागचं चित्र पुढच्यावर फासलं गेलेलं. ३डीमार्क बनवणाऱ्या फ्युचरमार्कने ३३० क्रमांकाचा पॅच काढला. त्यांच्या अहवालात पॅचच्या आधीच्या आणि नंतरच्या स्कोअरमध्ये जीफोर्सचा फरक २४.१ टक्क्यांपर्यंत होता, तर रेडिऑन ९८०० प्रोचा एकूण १.९ टक्के आणि चौथ्या गेम टेस्टमध्ये ८.२ टक्के. जूनमध्ये फ्युचरमार्क आणि एनव्हिडियाचं संयुक्त निवेदन आलं आणि 'चीट'ऐवजी 'ॲप्लिकेशनसाठी खास ऑप्टिमायझेशन' असे शब्द वापरले गेले. मला ते आजही पटत नाही. शेडरच्या (पिक्सेलचे रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) सूचनांचा क्रम बदलून तेच चित्र लवकर काढणं वेगळं. पण खेळाडूची वाट आधी ठरलेली नसते, त्यामुळे ती आधीच माहीत असल्याचा फायदा कुठल्याही गेममध्ये मिळूच शकत नाही. पेपर फुटल्यावर मिळालेले ते मार्क.

म्हणून माझ्या चाचणीत आता डेमो माझाच असतो. स्वतः खेळून रेकॉर्ड केलेला, कोपऱ्यात शिरलेला, छताकडे बघितलेला, मध्येच गर्रकन मागे वळलेला. प्रसिद्ध डेमोवर कार्ड पुढे आणि माझ्या डेमोवर मागे, असं निघालं तर त्या कार्डाची चित्रं आधी बाहेर काढतो. सध्याच्या माझ्या कार्डावर दोन्हींचं प्रमाण जुळतं आणि वजाबाकी काळी येते, तेव्हा क्वेकपुरतं तरी ते स्वच्छ आहे.

नव्या गेमवर हीच पद्धत अडते. टेम्पोरल अँटी-एलियासिंगमुळे (टीएए, कडा गुळगुळीत करण्याची पद्धत) प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा अंश मिसळतो, धूर आणि पानांची हालचाल दर वेळी वेगळी येते, आणि वजाबाकीचं चित्र सगळीकडे उजळतं. फोटो मोडमध्ये कॅमेरा रोखून, टीएए बंद करून, एकाच जागेच्या अनेक चित्रांची सरासरी काढायची आणि मग दोन सरासऱ्या वजा करायच्या, असं सध्या चाललंय. स्थिर भिंतींवर निकाल बरा येतोय, झाडापाल्यावर अजून नाही. कुणाकडे ३डीमार्क०३ चा ३३० च्या आधीचा मूळ इन्स्टॉलर आणि त्या काळातली ड्रायव्हरची सीडी असेल तर कळवा. ३३० च्या आधीची आणि ३३० अशा दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर लावून फ्रेमगणिक ताडायच्या आहेत.