तुम्ही विचारलंत म्हणून: पाळण्यातला मेंढा

इंग्लंडमध्ये शिकताना आमच्या नाट्यविभागाने 'द सेकंड शेफर्ड्स प्ले' केलं आणि रंगमंचावरच्या वस्तूंची जबाबदारी माझ्याकडे होती, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "येशूजन्माच्या नाटकात मेंढीचोर? लोकांच्या भावना दुखावल्या नाहीत?"

आधी गोष्ट सांगते. नाटक पंधराव्या शतकाच्या सुमाराचं, यॉर्कशरमधल्या वेकफील्डशी जोडलेलं. टाउनली हस्तलिखित या जुन्या धार्मिक नाटकांच्या संग्रहातल्या 32 नाटकांपैकी एक. थंडीने काकडलेले तीन मेंढपाळ हवा, जमीनदार आणि बायको यांच्या नावाने बोटं मोडत येतात. त्यांचा डोळा लागला की मॅक नावाचा चोर मेंढा लांबवतो. शोधत ते त्याच्या घरी पोचतात, तर मेंढा दुपट्यात गुंडाळून पाळण्यात, आणि मॅकची बायको जिल बाळंतिणीसारखी कण्हतेय. वर शपथ घेते, तुम्हाला फसवलं असेल तर पाळण्यातलं हे बाळ मी खाईन! खाणारच आहे की ती.

मेंढपाळ हात हलवत निघतात. पण तान्ह्या बाळाच्या हातावर काहीच ठेवलं नाही! डॉ नावाचा धाकटा मेंढपाळ सहा पेन्स द्यायला परत येतो, पापी घ्यायला दुपटं सारतो, तर हे लांबलचक नाक! झडतीत जे हाती लागलं नाही, ते चांगुलपणामुळे लागलं. चोरीला तेव्हा फाशीही होई. हे तिघं मॅकला कापडात घालून उडवतात नि सोडून देतात. मग देवदूत गातो, येशू जन्मल्याचं सांगतो. बेथलेहेममध्ये पुन्हा बाळ, बाळंतीण आणि भेटी: चेरींचा घोस, पक्षी, टेनिसचा चेंडू.

आम्ही दोन्हीकडे पाळणा एकच वापरला. मॅकच्या उडवाउडवीच्या गोंधळात मी मेंढा काढून बाहुली ठेवायची. काळोख करायचा नाही, ही दिग्दर्शिकेची सक्त ताकीद. बरोबरच होतं ते. मध्ये काळोख केला की आधी फार्स, मग भक्ती, अशी दोन नाटकं होतात. सलग केलं की पहिल्या पाळण्यात डोकावलेले प्रेक्षक दुसऱ्यातही तितक्याच उत्सुकतेने डोकावतात.

भावनांचं म्हणाल, तर गौळणीत मावशी कृष्णाशी हुज्जत घालते तेव्हा आपल्या दुखावतात का? तक्रार एकच आली. मॅक राजाचा माणूस असल्याची बतावणी करत दक्षिणी इंग्रजी झाडतो आणि मेंढपाळ त्याची यथेच्छ खिल्ली उडवतात. ते लंडनकडच्या एका विद्यार्थ्याला लागलं. आम्ही असं बोलतच नाही, म्हणाला.